एडीएचडीतील प्रेरणेचा प्रश्न : धृतीच्या अंगाने विचार

अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर, अर्थात एडीएचडी, हा केवळ खोडकर मुलांचा विकार होय असा समज अद्यापि आढळतो. लक्षणांचा आरंभ बालपणी होतो हे खरे. २०१३ च्या डीएसएम-५ नुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी असावी लागतात. परंतु अनेकांत ती प्रौढपणीही टिकतात. असा प्रौढ रुग्ण आमच्याकडे पुष्कळदा अनिद्रा, अम्लपित्त वा खिन्नता घेऊन येतो आणि बोलता बोलता सांगतो, "डॉक्टर, करायचे असते, कळतेही; पण सुरुवातच होत नाही."

घरची मंडळी यास आळस म्हणतात. आळशी मनुष्यास काम टाळल्याचे सुख तरी मिळते. हा रुग्ण काम टाळून दिवसभर त्याच कामाच्या विचाराने शिणतो. तोच आवडीच्या विषयात जेवण विसरून तासन्‌तास बुडतो, किंवा मुदतीच्या आदल्या रात्री सारे उरकतो. त्यामुळे 'मनात आणले तर जमते की!' हा घरच्यांचा ग्रह अधिकच दृढ होतो.

नोरा व्होल्कोव व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, औषध न घेणाऱ्या ५३ प्रौढ रुग्णांची ४४ निरोगी व्यक्तींशी तुलना केली. मेंदूच्या ज्या मार्गाने फळाची ओढ निर्माण होते, त्यातील डोपामिनचे ग्राहक व वाहक रुग्णांत कमी आढळले. व्यवहारात दिसते ते हेच, की दूरचे फळ कितीही मोठे असले तरी ते या मनास ओढत नाही. जवळचे, नवे, निकडीचे तेवढे ओढते.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात धी, धृति व स्मृति यांचे भ्रंश पृथक् सांगितले आहेत. एडीएचडी म्हणजे धृतिभ्रंश असे समीकरण आम्ही मांडत नाही. आधुनिक व्याधीचे नाव संहितेत शोधण्याचा हव्यास बरा नव्हे. परंतु हा भेद चिकित्सेत उपयोगी पडतो. या रुग्णाची धी बहुधा शाबूत असते. हित काय ते त्यास ठाऊक असते, म्हणून हिताचा उपदेश वाया जातो. उणीव आहे ती मनास विषयावर धरून ठेवण्यात, आणि तेथे बाहेरून आधार द्यावा लागतो.

या दृष्टीने आपले चिकित्सापत्रक पाहावे. रोज काढा उकळून अष्टमांश उरवणे, दोन चूर्णे भिन्न अनुपानांसह, पथ्याची लांबलचक यादी, भेट महिन्याने. रुग्णास जे जमत नाही नेमके तेच आपण त्याच्याकडे मागतो, आणि पुढे 'पथ्य पाळत नाही' असा शेरा लिहितो! त्याऐवजी शक्य तेथे काढ्याच्या जागी वटी द्यावी व ती दात घासण्याच्या ब्रशाशेजारी ठेवण्यास सांगावे. एका वेळी एकच बदल सुचवावा. प्रथम झोपेची वेळ धरावी, कारण जागरणाने सारेच बिघडते. भेट आठवड्याने ठेवावी.

कामाचा पहिला तुकडा हसू यावे इतका लहान असावा. 'हिशेब पूर्ण करणे' नव्हे, तर 'वही उघडून तारीख घालणे'. काट्यांचे घड्याळ समोर असावे, म्हणजे सरता काळ डोळ्यांना दिसतो. चहा कामाआधी नव्हे, पहिला तुकडा संपताच घ्यावा. घरातील कोणी आपले काम घेऊन शेजारी बसले तर पुष्कळांस आरंभ सुकर होतो. मात्र त्या व्यक्तीने टोमणे मारू नयेत, अन्यथा रुग्ण त्या खोलीतच जाणार नाही.

निदानाची निश्चिती मानसरोगतज्ज्ञाकडून करून घ्यावी. मिथिलफेनिडेट वा ॲटोमॉक्सेटीन चालू असल्यास ते थांबवण्याचा सल्ला देऊ नये. मण्डूकपर्णी, शंखपुष्पी आदी मेध्य रसायनांविषयी आम्हांस आदर आहे, परंतु या विकारात ती त्या औषधांची जागा घेतात असे म्हणण्याजोगा पुरावा आज नाही. रसायन सुरू करताना चालू औषधांची यादी पाहावी व संबंधित तज्ज्ञास तसे कळवावे.

पुनर्भेटीत 'केले का?' असे विचारल्यास रुग्ण मान खाली घालतो आणि कित्येकदा पुढच्या वेळी येतच नाही. 'कुठे अडले?' असे विचारावे. तो जी जागा सांगेल, तिच्यापुरताच पुढील आठवड्याचा बदल लिहून द्यावा.