हॉटेलच्या दारावरची पाटी

परवा आमच्या रात्रीच्या वर्गात एक गोष्ट घडली. तिच्यातून एक प्रश्न निघाला. तो प्रश्न साधा वाटतो, पण साधा नाही. म्हणून तो आम्ही या धड्यात मांडत आहोत.

वर्गातल्या एक आक्का बाजाराला कोल्हापूरला गेल्या होत्या. एस. टी. स्टँडजवळ एका हॉटेलात त्या चहाला थांबल्या. दारावर पाटी होती. पूर्वी पाटी दिसली की आक्का मान खाली घालून पुढे जात. या वेळी त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. एकेक अक्षर जुळवून त्यांनी वाचले —

"कुत्र्यांना आत आणू नये."

रात्री वर्गात पाय ठेवताच त्या म्हणाल्या, "गुरुजी, आज आख्खी पाटी वाचली! कुणाला इचारलं न्हाई."

आम्हा सर्वांना आनंद झाला. पण आक्का खाली बसेनात. त्या म्हणाल्या, "एक इचारू का? माझ्या दिराला दोन्ही डोळ्यांनी दिसत न्हाई. परदेशात म्हणं आंधळ्या माणसाला कुत्रं वाट दावतं. उद्या माझा दीर तसं कुत्रं घेऊन त्या हॉटेलात गेला, तर ही पाटी त्या कुत्र्यालाबी लागू हाय का?"

वर्ग क्षणभर गप्प झाला. मग एकदम कालवा सुरू झाला.

वर्गातल्या एका आण्णांचा गावात चहाचा गाडा आहे. ते म्हणाले, "कुत्रं ते कुत्रं. खायाच्या जागी नकोच. गिऱ्हाईक उठून जाईल."

एक तात्या म्हणाले, "असं कसं? धर्मराजानं कुत्र्यापायी सर्गाचं दार नाकारलं. दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री हाईत."

दोघांचेही खरे होते. मग भांडण मिटायचे कसे? आम्ही खडू घेतला आणि विचारले, "तुम्हाला किती तऱ्हेची कुत्री ठाऊक आहेत? सांगा." वर्गाने सांगितले, आम्ही फळ्यावर लिहिले. चार तऱ्हा झाल्या.

१. कामाचा कुत्रा

धनगराचा कुत्रा तुम्ही पाहिला आहे. रानात मेंढरे बसलेली असतात. धनगर घोंगडे पांघरून पडलेला असतो. कुत्रा मात्र जागा असतो. त्याला कुणी लाडाने मांडीवर घेत नाही. तो कळपाचा राखणदार आहे.

पोलिसांचा कुत्राही कामाचाच. १९९३ सालच्या मार्च महिन्यात मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्या वेळी मुंबई पोलिसांकडे 'जंजीर' नावाचा कुत्रा होता. त्याने वासावरून तीन हजार किलोहून अधिक स्फोटके शोधून दिली. किती माणसांचे प्राण वाचले, त्याची मोजदाद कोण करणार? २००० साली तो मेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला.

जुनी गोष्टही आहे. साताऱ्याचे थोरले शाहू महाराज यांचा 'खंड्या' नावाचा कुत्रा होता. त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असे सांगतात. कृष्णाकाठी संगम माहुलीला त्याची समाधी आहे.

आता आम्ही आण्णांना विचारले, "पोलीस कुत्रा घेऊन स्टँडवर बॉम्ब शोधायला आले, तर तुम्ही त्यांना पाटी दाखवाल का?"

आण्णा हसले. म्हणाले, "न्हाई बा. ते कामावर आल्यात."

हा 'कामावर' शब्द लक्षात ठेवा.

२. वाटाड्या कुत्रा

आंधळ्या माणसाला वाट दाखवणारा कुत्रा हाही कामाचाच कुत्रा. पहिल्या महायुद्धात कितीतरी सैनिकांचे डोळे गेले. त्यांच्यासाठी जर्मनीत असे कुत्रे शिकवण्याच्या शाळा निघाल्या. पुढे अमेरिकेतला मॉरिस फ्रँक नावाचा एक आंधळा तरुण स्वित्झर्लंडला गेला आणि 'बडी' नावाचा शिकवलेला कुत्रा घेऊन परत आला. १९२८ साली न्यूयॉर्कचा गाड्यांनी भरलेला रस्ता त्याने बडीबरोबर पार केला. दुसऱ्या वर्षी, १९२९ मध्ये, अमेरिकेत अशा कुत्र्यांची शाळा निघाली. इंग्लंडमध्ये १९३१ साली पहिले वाटाडे कुत्रे कामाला लागले.

हे काम कसे चालते? माणसाच्या हातात साधी साखळी नसते. कुत्र्याच्या पाठीवर पट्टा असतो आणि त्याला ताठ मूठ असते. कुठे जायचे ते माणूस ठरवतो. वाटेतला खड्डा, खांब, उभी गाडी कुत्रा चुकवतो. पायरी आली की तो थांबतो. माणसाला पायरी कळते. माणूस म्हणाला "चल", पण समोरून मोटार आली, तर कुत्रा हलत नाही. हुकूम पाळायचा आणि वेळ पडली तर मोडायचा, असे दोन्ही त्याला शिकवलेले असते.

हे शिक्षण पुष्कळ महिने चालते. असा कुत्रा हॉटेलात मेजाखाली गप्प पडून राहतो. भुंकत नाही, ताटाला तोंड लावत नाही. तो कामावर असताना त्याला हात लावू नये, खाऊ घालू नये. त्याचे लक्ष उडाले, तर माणूस पडेल.

बहिऱ्या माणसाला घंटा वाजल्याचे कळवणारे कुत्रे असतात. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारे असतात. त्यांना आपण मदतनीस कुत्रे म्हणू.

३. सोबतीचा कुत्रा

एखाद्या माणसाच्या मनाला दुखणे असते. एकटेपण असते, भीती असते. कुत्रा जवळ बसला की त्याला बरे वाटते. हे खोटे नाही. म्हशीच्या पाठीवर हात ठेवला तरी जिवाला बरे वाटते, हे आपल्याला ठाऊक आहे. मुंबईच्या विमानतळावर २०२३ साली अशी शांत स्वभावाची कुत्री आणली गेली. घाबरलेले प्रवासी त्यांना कुरवाळत. पण तिथे कुत्री आणण्याचे विमानतळानेच ठरवले होते.

सोबतीच्या कुत्र्याला ठरावीक काम शिकवलेले नसते. म्हणून त्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत पुष्कळ लोक घरचा साधा कुत्रा 'मनाच्या आधाराचा' म्हणून विमानात नेऊ लागले. कुणी भुंकले, कुणी चावले. तक्रारी वाढल्या. शेवटी २०२१ सालापासून तिथे नियम बदलला. सोबतीच्या प्राण्याला मदतनीस कुत्र्याचा हक्क देणे विमान कंपन्यांवर बंधनकारक राहिले नाही.

यात नुकसान कुणाचे झाले? खऱ्या आंधळ्याचे. लबाडी चार जण करतात आणि दारावरचा माणूस पाचव्यावरही संशय घेतो.

४. मोकाट कुत्रा

चौथा कुत्रा सर्वांच्या ओळखीचा. स्टँडवर, बाजारात, दवाखान्याच्या आवारात तो फिरत असतो. त्याला धनी नाही. पाटी खरी त्याच्यासाठी लागते, पण तो पाटी वाचत नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांतली भटकी कुत्री हलवावीत, त्यांची नसबंदी करावी, लस टोचावी आणि त्यांना निवाऱ्यात ठेवावे.

जाता जाता एक सांगतो. कुत्रा चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शने घ्यावीत. पिसाळल्याचा रोग एकदा अंगात उठला, की माणूस बहुतेक वाचत नाही.

कायदा काय म्हणतो?

आण्णांनी मग नेमका मुद्दा काढला. "गुरुजी, मी कुत्रं आत घेतलं आणि सायब आला तर दंड कुणी भरायचा?"

प्रश्न बरोबर आहे. आपल्या देशात अन्न सुरक्षेचे नियम २०११ सालचे आहेत. खाद्यपदार्थांच्या जागेत जनावरे, पक्षी, पाळीव प्राणी येऊ देऊ नयेत, असे त्यात आहे. नियम चांगल्यासाठीच आहे. अन्न स्वच्छ राहिले पाहिजे.

दुसरा कायदा २०१६ सालचा. तो दिव्यांगांच्या हक्कांचा. दिव्यांग माणसाला भेदभावाने वागवू नये, त्याला लागेल ती वाजवी सोय करून द्यावी, असे तो सांगतो. सरकारी कचेरी असो की खाजगी धंदा, लोकांसाठी जी सेवा आहे ती दिव्यांगालाही मिळाली पाहिजे.

पण या कायद्यात वाटाड्या कुत्र्याचे नाव कुठे लिहिलेले नाही. अडचण इथेच आहे. एक कायदा म्हणतो, जनावर नको. दुसरा म्हणतो, माणसाला अडवू नका. आंधळा माणूस मधे उंबऱ्यावर उभा.

अमेरिकेतही सुरुवातीला असेच होते. बडीच्या धन्याला रेल्वेत आणि हॉटेलात जागेसाठी भांडावे लागले. हळूहळू कायदे झाले. आता तिथे दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो : 'हा कुत्रा तुम्हाला अपंगत्वामुळे लागतो का?' आणि 'त्याला कोणते काम शिकवले आहे?' आजाराची चौकशी करता येत नाही, कागद मागता येत नाही. पण कुत्रा अंगावर गेला, आवरेना, किंवा त्याने घाण केली, तर त्याला बाहेर न्यायला सांगता येते. त्या वेळीही माणसाला चहा द्यावाच लागतो.

आमच्या मते हे दोन प्रश्न आपल्यालाही पुरेसे आहेत. सोबतीचा कुत्रा आत घ्यावा की नाही, हे मालकाने आपल्या जागेप्रमाणे ठरवावे. 'नाही' म्हटले तर तो अन्याय नव्हे. पण वाटाड्या कुत्र्याला 'नाही' म्हणणे म्हणजे त्या माणसाला 'डोळे बाहेर ठेवून आत या' म्हणणे. स्वयंपाकघरात त्याला नेऊ नये. बाकावर बसवू नये. दुसऱ्या गिऱ्हाइकाला भीती वाटत असेल, तर त्याला लांब कोपऱ्यात बसवावे. आणि अन्नाच्या नियमातच तशी मुभा सरकारने एका ओळीत लिहून द्यावी. मग आण्णांना दंडाची धास्ती राहणार नाही.

आक्कांचा पुतण्या

हे सगळे ऐकून आक्का म्हणाल्या, "पण गुरुजी, असं कुत्रं आमाला कुठलं मिळायचं?"

खरे आहे. आपल्याकडे असे कुत्रे फार क्वचित दिसतात. त्यांना शिकवायला पैसा, वेळ आणि जाणती माणसे लागतात. आपल्याकडे आंधळ्याच्या हातात पांढरी काठी असते. नाहीतर घरचे कुणीतरी हात धरते.

"तुमच्या दिरांचा हात कोण धरतो?" आम्ही विचारले.

"त्येंचंच पोरगं. नववीत हाय. दवाखाना, ब्यांक, बाजार, सगळीकडं तेच जातं. शाळा बुडती. काय करावं?"

वर्गात कुणी बोलले नाही. मघापासून आपण कुत्र्याच्या खर्चाचा विचार करत होतो. डोळ्यांचे काम पोराच्या अंगावर पडले की त्याचाही खर्च होतोच. तो शाळेच्या हजेरीपटात दिसतो.

त्या रात्री वर्गाने दोन गोष्टी ठरवल्या. पहिली : बाजाराच्या दिवशी आक्कांच्या दिरांना वर्गातल्या कुणीतरी पाळीपाळीने सोबत न्यावे. पोराने शाळेत जावे. पहिली पाळी तात्यांनी घेतली.

दुसरी गोष्ट आक्कांनी स्वतः केली. त्या फळ्यापाशी आल्या, खडू घेतला आणि हॉटेलातली पाटी आठवून लिहिली. तिच्याखाली आणखी एक ओळ लिहिली. अक्षरे वाकडी होती, पण वाचता येत होती —

"कुत्र्यांना आत आणू नये.
आंधळ्याचे वाटाडे कुत्रे येऊ द्यावे."

पुढच्या बाजारी तो कागद घेऊन आक्का हॉटेलात गेल्या. मालकांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "असलं कुत्रं मी अजून बघितलं न्हाई, आक्का. आणि सायबाला इचारायला पायजे." तरी कागद त्यांनी फाडला नाही. घडी घालून गल्ल्यात ठेवला.

पाटी अजून बदललेली नाही. बदलली की आम्ही कळवू.

वाचा आणि समजून घ्या

वाटाड्या : वाट दाखवणारा.
मुभा : परवानगी.
वाजवी : योग्य तेवढे.
मोकाट : ज्याला कुणी बांधत नाही असा.
दिव्यांग : शरीराने किंवा मनाने काही उणे असलेला माणूस, अपंग.

वर्गात चर्चा करा

१. कामाचा कुत्रा आणि सोबतीचा कुत्रा यांत फरक काय?
२. हॉटेलवाल्याने कोणते दोन प्रश्न विचारावेत? कोणते विचारू नयेत?
३. आण्णांची भीती खरी आहे का? ती दूर करायला काय करावे?
४. आपल्या गावात डोळ्यांनी न दिसणारे कोण आहे? त्याचा हात कोण धरतो? त्या माणसाचे कोणते काम बुडते?
५. आपल्या गावातील एखादी पाटी वाचा. ती कुणाला अडवते? तिच्यात एक ओळ घालायची असेल तर कोणती घालाल? पाटीवर लिहून दाखवा.