'पार्टिंग वेज' म्हणजे नक्की काय?

'वुई हॅव डिसायडेड टू पार्ट वेज.' कंपनीच्या पत्रात हे वाक्य आले की आपल्यापैकी पुष्कळजण 'नोकरी गेली' एवढाच अर्थ घेतात. मला ते जरा सावधपणे वाचावेसे वाटते.

मूळ अर्थ साधा आहे. बरोबर चाललेले वाटसरू फाट्यावर आले आणि आपापल्या वाटेने गेले. मित्र, भागीदार, नवराबायको, सर्वांना हा प्रयोग चालतो. 'पार्ट विथ' मात्र वेगळे. त्याचा अर्थ हातची वस्तू किंवा पैसा सोडणे.

मराठीत 'नोकरी सोडली' आणि 'नोकरीवरून काढले' यांत घोटाळा होत नाही. 'पार्ट वेज' हा सभ्य प्रयोग दोन्ही झाकून टाकतो, आणि पैशाचा प्रश्न नेमका तिथेच असतो.

बेकारभत्ता: ले-ऑफ झालेल्या पात्र व्यक्तीला राज्याकडून भत्ता मिळू शकतो, आपणहून राजीनामा दिल्यास बहुधा मिळत नाही. म्हणून राजीनाम्यावर घाईने सही करू नका. कारण लेखी मागा.

सेव्हरन्स: वय ४० किंवा अधिक असेल आणि पैशाच्या बदल्यात वयभेदाचा दावा सोडायला सांगत असतील, तर १९९० च्या कायद्याने विचाराला निदान २१ दिवस (अनेकांना एकदम काढल्यास ४५) आणि सहीनंतर माघार घ्यायला ७ दिवस मिळतात.

४०१-के: इथला शब्द 'सेपरेशन फ्रॉम सर्व्हिस'. ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा नंतर नोकरी सुटली, तर त्या कंपनीच्या ४०१-के मधून काढलेल्या रकमेवर १० टक्के दंड नाही, आयकर आहेच. पैसे आयआरएमध्ये हलवले की ही सवलत जाते.

आरोग्यविमा: २० किंवा अधिक नोकर असलेल्या कंपनीत 'कोब्रा' घेण्यासाठी ६० दिवस असतात. तो साधारण १८ महिने चालतो, पण हप्ता पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत असू शकतो.

व्हिसा: २०१७ पासून एच-१बी धारकांना नोकरी संपल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ ची मुदत आधी संपत असेल तर तेवढेच.

तेव्हा मंडळी, असे पत्र आले तर आधी तीन गोष्टी लिहून घ्या: शेवटचा दिवस, विमा संपण्याची तारीख आणि नोकरी संपण्याचे लेखी कारण. सही त्यानंतर, आणि शक्यतो वकिलाला दाखवून.