हलत्या चित्रपाठातील पात्राची मुखे बदलण्याची सुलभ रीत

प्रास्ताविक

शाळांतून पूर्वी फ्लॅनेलचा फलक वापरीत असत. फलकावर झाड लावले की ते पाठ संपेपर्यंत तेथेच राही. त्यावरचा पक्षी मात्र काढून त्याच्या जागी दुसरा लावता येई. पक्षी बदलला म्हणून कोणी शिक्षक झाड पुन्हा कापावयास बसत नसे. आता अनेक शिक्षक संगणकावर हलते चित्रपाठ तयार करू लागले आहेत. तथापि, फलकावर जे सहज सुचत होते ते संगणकापुढे बसल्यावर विसरले जाते, असे पुष्कळदा दिसून येते. या पाठात त्याच विसरलेल्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

उद्दिष्ट : पात्राचे मुख, डोळे, हात व पोशाख यांची निरनिराळी चित्रे थरांच्या रूपाने कशी मांडावी, ती थोड्या श्रमांत कशी बदलावी आणि मराठी उच्चारांशी त्यांचा मेळ कसा घालावा, हे समजून घेणे.

एक अनुभव

एका द्विशिक्षकी शाळेतील शिक्षिकेने दुसरीच्या वर्गासाठी पिण्याच्या पाण्यावर दोन मिनिटांचा चित्रपाठ तयार करावयास घेतला. पाठात एक मुलगी बोलते, हसते, माठ झाकते व ओगराळ्याने पाणी घेते. बाईंनी प्रत्येक भावासाठी व प्रत्येक हालचालीसाठी मुलीचे संपूर्ण चित्र नव्याने काढले. दिवाळीच्या सुटीत अशी ४६ चित्रे झाली. सुटीनंतर अर्धा पाठ वर्गात दाखविला असता मुलांनी विचारले, "बाई, ही मुलगी गणवेशात का नाही?" प्रश्न रास्त होता. परंतु गणवेश द्यावयाचा म्हणजे ४६ चित्रे पुन्हा रंगवावयाची! काम तेथेच थांबले.

दुसरी उणीव याहून गंभीर होती. वर्गात कमी ऐकू येणारा एक मुलगा होता. तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून पुष्कळसे समजून घेत असे. पडद्यावरील मुलगी बोलताना तिचे तोंड केवळ उघडे व मिटे, उच्चाराशी त्याचा काही संबंध नव्हता. इतर मुले आवाजाच्या आधाराने पाठ समजून घेत होती. तो मुलगा थोडा वेळ पडद्याकडे पाहून खिडकीबाहेर पाहू लागला.

या दोन्ही उणिवांचे मूळ एकच होते. जे बदलत नाही ते व जे बदलते ते, यांची फोड आरंभीच केलेली नव्हती.

तत्त्व

हे तत्त्व संगणकाने शोधून काढलेले नाही. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी पारदर्शक सेल्युलॉइडचे पत्रे वापरण्याची पद्धत पुढे आणली. तीमुळे न बदलणारी पार्श्वभूमी एकदाच काढून, हलणारा भाग तेवढा वरच्या पत्र्यावर काढता येऊ लागला. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी कातरलेल्या सांधेदार छायाकृती हलवून १९२६ साली पूर्ण लांबीचा चित्रपट प्रदर्शित केला. पुढे जॉर्ज पाल यांनी आपल्या बोलपटांतील लाकडी बाहुल्यांसाठी निरनिराळ्या मुद्रांची अनेक डोकी कोरून ठेवण्याची रीत रूढ केली. बाहुली तीच, डोके तेवढे बदलावयाचे. संगणकावरील थर म्हणजे हाच पारदर्शक पत्रा व हीच बदलती डोकी होत.

श्रम किती वाचतात ते गणिताने पाहावे. समजा, पात्रास ८ मुखे, ४ प्रकारचे डोळे, ३ प्रकारच्या भुवया व ५ प्रकारचे हात हवे आहेत. यांच्या सर्व जुळण्या संपूर्ण चित्रांनी दाखवावयाच्या तर ८ × ४ × ३ × ५ म्हणजे ४८० चित्रे काढावी लागतील. तेच भाग सुटे काढले तर ८ + ४ + ३ + ५ म्हणजे २० चित्रे व एक मूळ शरीर, एवढे पुरते. एका ठिकाणी गुणाकार आहे, दुसऱ्या ठिकाणी बेरीज आहे. पद्धतीचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

मुखांची निवड : वर्णमालेचा आधार

इंग्रजी बोलपटांसाठी प्रेस्टन ब्लेअर या चित्रकाराच्या नावाने ओळखला जाणारा मुखाकृतींचा संच प्रसिद्ध आहे. तो त्या भाषेच्या उच्चारांवर बेतलेला आहे. मराठी शिक्षकाजवळ त्याहून सोयीचे साधन आधीच आहे, ते म्हणजे आपली वर्णमाला. ती उच्चारस्थानांप्रमाणेच लावलेली आहे. कंठ्य, तालव्य व मूर्धन्य वर्णांचे उच्चार मुखाच्या आत होतात. समोरून पाहणाऱ्यास ते फारसे दिसत नाहीत. म्हणून क, ट, ण यांसाठी वेगळे चित्र काढण्याचे कारण नाही. तेथे लगतच्या स्वराचे मुख चालते. ओष्ठ्य वर्ण मात्र स्पष्ट दिसतात. यावरून पुढील आठ मुखे पुरेशी होतात :

१. मिटलेले ओठ : प, फ, ब, भ, म, तसेच मौन.
२. किंचित उघडे : अ व आत होणारी बहुतेक व्यंजने.
३. पूर्ण उघडे : आ.
४. ताणलेले, दात दिसणारे : इ, ई, ए, य, स.
५. पुढे काढलेले लहान वर्तुळ : उ, ऊ.
६. मोठे वर्तुळ : ओ, औ.
७. खालचा ओठ वरच्या दातांशी : व. जे लोक फ चा उच्चार दातांच्या साहाय्याने करतात, त्यांच्यासाठी फ सुद्धा.
८. जिभेचे टोक दातांशी : त, थ, द, ध, न, ल.

अनुस्वाराच्या बाबतीत सावध राहावे. 'आंबा' या शब्दात अनुस्वारापुढे ब असल्याने त्याचा उच्चार म् होतो व ओठ मिटतात. 'आंघोळ' या शब्दात तो ङ् होतो व ओठ उघडेच राहतात. लेखनात चिन्ह एकच; मुखे मात्र दोन. शिक्षकांनी आरसा समोर ठेवून हे शब्द स्वतः उच्चारून पाहावेत.

थरांची मांडणी

(अ) मूळ शरीर एकदाच काढावे. बाही त्यावर असावी व बदलणारे हात कोपराखालीच असावेत, म्हणजे पोशाख बदलला तरी हातांस धक्का लागत नाही.

(आ) आठही मुखे एकाच मापाच्या पारदर्शक चित्रपटलावर, एकाच मध्यबिंदूशी जुळवून काढावीत. एक मुख बोटभर वर व दुसरे खाली असले तर बोलताना हनुवटी उड्या मारू लागते. चित्रे पीएनजी प्रकारात साठवावीत. जेपीईजी प्रकारात पारदर्शकता राहत नाही.

(इ) चित्रांस नावे द्यावीत व ती अर्थपूर्ण असावीत : 'मिट', 'आ', 'ई', 'ऊ'. 'नवीन चित्र ७' असे नाव चार दिवसांनी काढणाऱ्यासही ओळखता येत नाही. समोरून दिसणाऱ्या चेहऱ्याच्या व बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याच्या मुखांस तीच नावे त्याच क्रमाने द्यावीत. मग पात्राने मान वळविली तरी मुखांचा तक्ता बदलावा लागत नाही.

(ई) सिनफिग स्टुडिओ या मोफत मिळणाऱ्या साधनात 'स्विच' नावाचा गट असतो. आठही मुखे त्या गटात ठेवली की त्यांपैकी ज्याचे नाव दिले असेल तेवढेच दिसते, इतर लपून राहतात. ठरलेल्या क्षणी नाव बदलले की मुख बदलते. ओपनटून्झ हे दुसरे साधन २०१६ पासून सर्वांस खुले झालेले आहे. त्यात प्रत्येक भागास एक स्तंभ असतो व स्तंभाच्या घरात चित्राचा क्रमांक भरावयाचा असतो. तोच क्रमांक शंभर घरांत असला तरी मूळ चित्र एकच असते. ते एकदा सुधारले की शंभरही ठिकाणी सुधारते.

(उ) पात्राची प्रत करून पुढील दृश्यात नव्याने रंगविण्याचा मोह टाळावा. प्रती वाढल्या की दुरुस्त्याही तितक्याच पटीने वाढतात.

मुखे बदलण्याचा क्रम

प्रथम आवाज ध्वनिमुद्रित करून घ्यावा. नंतर वाक्य कागदावर लिहून प्रत्येक अक्षराखाली मुखाचा क्रमांक मांडावा. 'बाई' : १, ३, ४. 'पाणी' : १, ३, ४. 'गाव' : ३, ७. सेकंदास २४ चौकटी धरल्या तर एक मुख निदान दोन-तीन चौकटी टिकले पाहिजे, नाहीतर ते डोळ्यास दिसतच नाही. घाईच्या बोलण्यात मधली मुखे गाळली तरी चालतात. मिटलेले ओठ मात्र कधीही गाळू नयेत. प, ब, म या वर्णांच्या वेळी तोंड उघडे दिसले की पाहणाऱ्यास चूक तत्काळ जाणवते. मुख आवाजाच्या एक-दोन चौकटी आधी बदलले तर बोलणे अधिक स्वाभाविक दिसते.

फलित व मर्यादा

वरील शिक्षिकेने या रीतीने काम पुन्हा हाती घेतले. या वेळी एकूण २१ चित्रे काढावी लागली. गणवेशासाठी एकाच चित्राचा रंग बदलला. पाठ पुरा झाला व प्रत्येक वाक्य पडद्याखाली ठळक अक्षरांत लिहिले गेले. ही लेखी ओळ अत्यावश्यक समजावी. प, ब व म यांची मुखे सारखीच दिसतात. म्हणून केवळ ओठांवरून 'पाट', 'बाट' व 'माट' यांतील भेद कळत नाही. चित्रातील मुख हे जिवंत शिक्षकाच्या मुखाची जागा घेऊ शकत नाही. तथापि, चुकीचे मुख मुलास फसविते व योग्य मुख त्यास आधार देते, एवढे निश्चित. पाठ चालू असता तो मुलगा पुढच्या रांगेत सरकून बसला. 'आंबा' या शब्दापाशी एक मुख चुकले होते; ते बाईंच्या आधी त्याने बोट दाखवून निदर्शनास आणले. दुरुस्तीस एक मिनिट लागले.

वर्गात करावयाची कृती

ज्या शाळेत संगणक नादुरुस्त असेल तेथेही हा पाठ घेता येतो. पुठ्ठ्यावर चेहरा काढून मुखाच्या जागी चौकोनी खिडकी कापावी. मागून सरकणाऱ्या कागदी पट्टीवर आठ मुखे काढावीत. एका मुलाने शब्द उच्चारावा, दुसऱ्याने पट्टी सरकवावी, इतरांनी बरोबर की चूक ते सांगावे. यातून वर्णांची उच्चारस्थाने मुलांस घोकंपट्टीशिवाय समजतात.

स्वाध्याय

१. आपल्या गावाचे नाव लिहून प्रत्येक अक्षराखाली मुखाचा क्रमांक मांडा.
२. 'चिंच', 'लिंबू', 'अंग' व 'खांब' या शब्दांपैकी अनुस्वाराच्या वेळी ओठ कोणत्या शब्दांत मिटतात, ते आरशात पाहून ठरवा.
३. पात्रास ६ मुखे, ३ डोळे व ४ हात असल्यास संपूर्ण चित्रे किती व सुटी चित्रे किती लागतील?
४. आपण पूर्वी केलेला एखादा चित्रपाठ घेऊन त्यातील न बदलणारे भाग एका रकान्यात व बदलणारे भाग दुसऱ्या रकान्यात लिहा. पुढील केंद्र संमेलनास येताना हा तक्ता सोबत आणावा.