पाऊस कधी मागावा?

येथील मुले तेफिल्ला शिकताना हटकून विचारतात : डिसेंबरात दारापुढे बर्फ पडलेले असते, मग आपण पाऊस का मागतो? प्रश्न रास्त आहे.

नेपरव्हिलला पावसाळा असा वेगळा नाहीच. पाऊस थोडाफार बाराही महिने, त्यातला बराचसा उन्हाळ्यात. कोकणात आपल्या वाडवडिलांची तऱ्हा निराळी. मृगापूर्वी घर शाकारायचे, लाकूडफाटा, सुकी मासळी, कडवे वाल भरून ठेवायचे, की पुढे चार महिने पाऊसच. ऐन पावसाळ्यात येणाऱ्या तिशा बेआबच्या उपासाला आपल्या लोकांनी ‘बिरड्याचा रोजा’ म्हटले, ते उपास सोडताना खायच्या याच वालांच्या बिरड्यावरून. डिसेंबरात मात्र कोकणात पाऊस कोणालाच नको असतो. आंब्याला मोहोर धरण्याचे दिवस ते!

मग ही वेळ कोठली? एरेस इस्राएलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. तेथे ७ हेश्वानपासून तो मागतात, म्हणजे सुक्कोथचा सण आटोपल्यावर १५ दिवसांनी, यरुशलेमहून परतणारा शेवटचा यात्रेकरू फरात नदीपर्यंत कोरडा पोचावा म्हणून. बाबेलच्या यहुद्यांचा मुलूख सखल व पाणथळ. त्यांना घाई नव्हती. ते शरदातील तेकुफापासून ६० दिवस थांबत. तोच हिशोब आपण परदेशी लोक आजही पाळतो : ४ डिसेंबरची संध्याकाळ, लीप वर्षाच्या आदल्या वर्षी ५ डिसेंबर.

निनवेच्या लोकांनीही हे विचारले होते. आम्हांला उन्हाळ्यातसुद्धा पाऊस लागतो, काय करावे? तालमुदात उत्तर आहे : ‘शोमेआ तेफिल्ला’ या बेराखात आपापली गरज म्हणून मागा.

आणि पाऊस नकोसा झाला तर? ताआनिथच्या मिश्नाप्रमाणे समाजावरच्या प्रत्येक संकटात गाऱ्हाणे घालावे, फक्त अतिवृष्टी सोडून. पाऊस ही बरकतच. पण गेमाऱ्यात पुस्ती आहे (मला ती फार मोलाची वाटते) की गालुथमध्ये अतिवृष्टीसाठीही गाऱ्हाणे घालावे. सखल बाबेलात घरेच माणसांच्या कबरी होण्याची भीती होती.

ही भीती आपल्याला परकी नाही. जुलै १९९६मध्ये शेजारच्या ऑरोरात २४ तासांत सुमारे १७ इंच पाऊस कोसळला. नेपरव्हिलच्याही तळघरांत पाणी शिरले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला. मुंबईत शेकडो माणसे गेली.

तेव्हा डिसेंबरात पाऊस मागावा तो सर्वांबरोबर, सिद्दूरप्रमाणे. आपल्या गावचे जे काही असेल, पाऊस हवा असो वा थांबायला हवा असो, ते ‘शोमेआ तेफिल्ला’त सांगावे. हिब्रू शब्द सुचले नाहीत तर मराठीत सांगावे.