शारजाला जायला कोविडचा रिपोर्ट लागतो का?

प्रश्न : मुलगा शारजाला नोकरीला आहे. 2021 मध्ये सुट्टीवरून परत जाताना त्याला दोनदा कोविड चाचणी करावी लागली. आता आम्ही दोघं जाणार आहोत. एजंट म्हणतो, रिपोर्ट काढूनच ठेवा. काढावा का?
— एक वाचक, पांडेसरा, सुरत

उत्तर : नको, पैसे वाया जातील. संयुक्त अरब अमिरातीने कोविडचे निर्बंध नोव्हेंबर 2022 मध्येच उठवले. भारतात परततानाचा ‘एअर सुविधा’ अर्ज त्याच महिन्यात बंद झाला. चीन, जपान अशा मोजक्या ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी तो 2023 च्या सुरुवातीला थोडे दिवस परत आला, इतकेच. भारतात उतरल्यावर 2 टक्के प्रवाशांची होणारी चाचणीही जुलै 2023 मध्ये थांबली.

मुलाच्या दोन चाचण्यांमागे कारण होते. संसर्ग नुकताच झाला असेल तर पहिल्या चाचणीत तो सापडत नाही. म्हणून विमानतळावर, विमान सुटण्याआधी काही तास, दुसरी.

उद्या पुन्हा असा नियम आलाच, तर तीन गोष्टी पाहा. रिपोर्टच्या मुदतीचे 48 किंवा 72 तास तो हाती आल्यापासून नव्हे, नमुना दिल्यापासून मोजतात. रिपोर्टवरचे नाव पासपोर्टप्रमाणेच हवे; एकीकडे ‘पाटील’ आधी आणि दुसरीकडे शेवटी, असे चालत नाही. आणि क्यूआर कोड स्कॅन होतो का, हे घरीच तपासा.

एजंटच्या शब्दावर न जाता तिकीट काढताना आणि निघण्याच्या आदल्या दिवशी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर नियम वाचा.