भाड्याचे यंत्र घरी आणताना

ढग म्हटला की आमच्या आळंद तालुक्यातील शेतकऱ्यास तुरीचे पीक आठवते. संगणकवाल्यांचा ‘क्लाउड’ मात्र आभाळात नसून जमिनीवरच असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नई येथे आपली संगणक-केंद्रे उघडली. तेव्हा मादन हिप्परग्यातील एखाद्याने ‘क्लाउडवर ठेवले’ असे म्हटले, तर ती वस्तू पुण्यातील एखाद्या थंड दालनात, दुसऱ्याच्या डिस्कवर, भाड्याने राहत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

समजा, सीमाभागातील एका मराठी शाळेने आपले जुने वार्षिक अंक, छायाचित्रे आणि गावातील आजीबाईंच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या अशाच एका सर्व्हरवर ठेवल्या. पुढे भाडे भरणे जड झाले. भाडे थकले तर कालांतराने सारेच पुसले जाईल, आणि त्या आजीबाई पुन्हा गावयास येतील असे नाही. अशा वेळी नुसत्या फाइली नव्हे, तर त्या दाखविणारा सबंध सर्व्हरच घरच्या संगणकात आणता येईल काय?

येतो. कारण तो सर्व्हर मुळात स्वतंत्र यंत्र नसतोच. एका मोठ्या संगणकावरील एक प्रोग्रॅम त्याचे अनेक भाग पाडतो आणि प्रत्येक भागास ‘तू स्वतंत्र संगणक आहेस’ असे भासवितो. यालाच आभासी यंत्र म्हणतात. कल्पना जुनीच आहे. आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी व्यवस्था जाहीर केली होती. या यंत्राची डिस्क म्हणजे एक भलीमोठी फाइल. तीच ‘इमेज’.

प्रथम यंत्र बंद करावे. लिहिणाऱ्याचा हात चालू असताना वहीची नक्कल केली, तर अर्धे वाक्य तेवढे हाती लागते. नंतर कंपनी त्या डिस्कचा तात्पुरता दुवा देते आणि फाइल उतरविता येते. येथे थोडे गणित करावे. डिस्क ३० गिगाबाइटची व जोडणी सेकंदास १० मेगाबिटची असेल, तर सुमारे २५,८०० सेकंद, म्हणजे सात तासांहून अधिक वेळ लागेल. दुव्याची ठरीव मुदत मात्र ३,६०० सेकंदांचीच असते! ती आधीच वाढवून न घेतल्यामुळे कित्येकांची फसगत होते.

उतरलेली फाइल ‘व्हीएचडी’ प्रकारची असते. व्हर्च्युअलबॉक्स ती तशीच वाचतो. अन्य व्यवस्थेसाठी ‘क्यूएमू’च्या साधनाने तिचे रूप पालटता येते. हे काम एका आज्ञेचे आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

खरी कसोटी पुढे असते. घरी आणलेले यंत्र सुरू करावे, तर पडदा काळाच राहतो. का? डिस्क वाचण्याचा प्रोग्रॅम डिस्कमध्येच आहे: पेटीस कुलूप, आणि किल्ली पेटीत! म्हणून लिनक्स सुरुवातीलाच एक छोटे गाठोडे उघडतो व त्यातून आवश्यक ते प्रोग्रॅम घेतो. उबुंटूचे गाठोडे बहुधा भरलेले असते. रेड हॅट घराण्यातील लिनक्स मात्र जुन्या घरापुरतेच सामान बांधतो. निघण्यापूर्वीच ते गाठोडे नव्याने, सर्व सामानासह बांधून घ्यावे.

यंत्र जागे झाले तरी ते मालकाची वाट पाहते. ‘मी कोण?’ हे विचारण्यासाठी ते १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर हाक मारते. क्लाउडमध्ये तेथून उत्तर येते. घरी कोणीच नसते, आणि काही काळ व्यर्थ जातो. ‘क्लाउड-इनिट’ नावाचा हा चौकस नोकर बंद करावा. नेटवर्कच्या नोंदीत जुन्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक लिहिलेला असल्यास तोही बदलावा, नाहीतर नव्या कार्डास यंत्र ओळखच देत नाही. आणखी एक गोष्ट: तेथे आपण किल्लीच्या फाइलने आत शिरत होतो. घरी समोर बसून आत शिरावयाचे, तर परवलीचा शब्द हवा. तोही निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावा.

या फाइलीत जुने सारे परवलीचे शब्द व किल्ल्याही आलेल्या असतात. त्यामुळे ती पेन ड्राइव्हवर घालून कोणाच्याही हाती देऊ नये.

घरचे यंत्र दोनदा बंद-चालू करून, ओव्यांतील एखादी ऐकून, मगच पुण्याकडील मूळ डिस्क पुसावी. यंत्र नुसते थांबविले तर डिस्कचे भाडे चालूच राहते.