चाकणमधल्या भाच्याला, माळेविषयी

खराळवाडी, पिंपरी

चि. भाच्यास,



तुझा व्हॉट्सअॅपवरचा लांबलचक मजकूर मामीने दोनदा वाचून दाखवला. मामाला मात्र उत्तर कागदावरच लिहावंसं वाटलं. भस्म बुधवारपासून तू बुधवारी आणि शुक्रवारी फक्त पाव-पाण्यावर राहतोस, रोज रहस्यांच्या चारही गटांची माळ म्हणतोस, गादी गुंडाळून फरशीवर झोपतोस, आणि नाईट शिफ्टच्या आठवड्यातही त्यात खंड पडू देत नाहीस, असं तू लिहिलंस. गेल्या वर्षी मोबाइलवरच्या रमीत पैसे गेले, खोलीतल्या मित्राकडून उसने घेतले, मग पापनिवेदन केलं आणि तेव्हापासून हे सुरू झालं, हेही मोकळेपणाने सांगितलंस. बावीस वर्षांच्या मुलाने एवढं खरं लिहावं याचा मामाला अभिमान वाटला. पण पॉवर प्रेसवर काम करणारा मुलगा उपाशीपोटी रात्रभर उभा राहतो, हे ऐकून त्या रात्री मामाला झोप आली नाही.

म्हणून आधी प्रेसचं.

मामा तुझ्याएवढा होता तेव्हा भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये प्रेसवर होता. उपवासकाळातला शुक्रवार, रात्रपाळी, सकाळपासून पोटात काही नाही. प्रेसला दोन बटणं असतात आणि दोन्ही हात त्यांच्यावर असल्याशिवाय रॅम खाली येत नाही, हे तुला ठाऊक आहे. माल लवकर निघावा म्हणून त्यातलं एक बटण बांधून ठेवलेलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला डोळा लागला, क्षणभरच, आणि उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर गेलं. बटण बांधलं गेलं हा मोठा अपराध होताच. पण भुकेल्या, पेंगुळलेल्या माणसाने त्या यंत्रासमोर उभं राहणं हीसुद्धा चूक होती, आणि मामाने तेव्हा तिला भक्ती समजलं होतं. तुझ्या आजीला मामाने बोट दाखवलं तेव्हा ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "देवाने मागितलं होतं का हे?"

मागितलं नव्हतं. चर्चचा नियम पाहिला तर तो किती सौम्य आहे हे कळतं. उपवास बंधनकारक असतो तो वर्षातून दोनच दिवस: भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही 18 पूर्ण झालेल्यांना, साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत. त्या दिवशीसुद्धा एकदा पोटभर जेवायला आणि दोनदा थोडं खायला मुभा असते. शुक्रवारी मांस वर्ज्य करणं ही वेगळी गोष्ट, ती वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होते. आजारी माणसाला आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला उपवासातून मोकळीक देण्याची परंपरा जुनी आहे. फादरांना विचार, ते हेच सांगतील. विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने मोठी तपश्चर्या अंगावर घेऊ नये, असं संतांनीच आपल्या शिष्यांना बजावलेलं आहे.

पोप पॉल सहावे यांनी 17 फेब्रुवारी 1966 रोजी प्रायश्चित्ताविषयी एक पत्रक काढलं. लॅटिनमध्ये त्याचं नाव 'पेनितेमिनी'. उपवासाचे जुने कडक नियम त्यात बदलले. पण मामाला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. प्रायश्चित्ताचा पहिला मार्ग म्हणून पोपनी सांगितलं ते असं: आपल्या वाट्याला आलेलं कर्तव्य चिकाटीने करणं, कामातून आणि माणसांसोबत राहण्यातून येणारा त्रास स्वीकारणं, जगण्यातली अनिश्चितता धीराने सोसणं. जेवण सोडणं त्याच्या नंतर येतं. आता चाकणमधल्या कंत्राटी मुलाच्या दिवसाकडे बघ. दर आठवड्याला बदलणारी शिफ्ट, तळेगाव चौकात तासभर अडकलेली बस, अकरा महिन्यांनी काम राहील की नाही याची धाकधूक, एका खोलीत पाच जण आणि एकच नळ. ज्याला दिवस आधीच एवढा तपाचा मिळाला आहे, त्याने फरशीवर झोपून वेगळं तप शोधायला कशाला जायचं?

इथे एक गोष्ट नीट समजून घे, नाहीतर मामाचं बोलणं उलटं पोचेल. सोसायचं म्हणजे बांधलेल्या बटणासमोर गप्प राहायचं, असा याचा अर्थ नाही. गरिबांनी आपलं दुःख देवाला अर्पण करावं असं ते पत्रक म्हणतं, आणि त्याच श्वासात चर्चला जगात अधिक न्याय हवा आहे हेही म्हणतं. प्रेसचा गार्ड काढलेला दिसला तर सुपरवायझरला सांग. ऐकलं नाही तर त्या मशीनवर हात घालू नकोस. त्यासाठी बोलणी खावी लागली, तर ती खाणं हे प्रायश्चित्तच आहे.

कामाचा दिवस अर्पण करण्याची ही रीत आपल्या घरात कुठून आली, ते तुला कोणी सांगितलं नसेल. फ्रान्समध्ये व्हाल्स नावाच्या गावात जेझुइटांचं अभ्यासगृह होतं. तिथल्या तरुणांना परदेशी मिशनवर जाण्याची घाई झाली होती आणि पुस्तकांत त्यांचं मन लागेना. 3 डिसेंबर 1844 ला, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, फादर गोत्रले यांनी त्यांना सांगितलं की आजचा अभ्यास, आजचा कंटाळा, आजचं दुखणं हेच सकाळी उठल्यावर देवाला देऊन टाका, तेच तुमचं मिशन. त्यातून प्रार्थनेची एक मोठी चळवळ उभी राहिली आणि देशोदेशी तिची मासिकं निघाली. आपल्या नगर जिल्ह्यात, राहुरीजवळच्या केंदळमध्ये, फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली मराठीत काढलेला 'निरोप्या' हा त्याच कुळातला. तुझे पणजोबा तो ओट्यावर बसून मोठ्याने वाचत. ज्यांना अक्षरओळख नव्हती ते समोर बसून ऐकत, आणि सकाळचं ते छोटं अर्पण सगळ्यांना तोंडपाठ झालं. आजी विळा हातात घेण्याआधी ते म्हणायची. तूही कार्ड पंच करण्याआधी म्हण. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता त्या उसन्या पैशांचं. तू त्याविषयी एकच वाक्य लिहून पुढे गेलास, म्हणून मामा थांबला.

डब्लिनमध्ये मॅट टॅलबट नावाचा एक हमाल होऊन गेला, जन्म 1856. बाराव्या वर्षी कामाला लागला आणि लवकरच दारूत बुडाला. दारूसाठी एकदा रस्त्यावर वाजवणाऱ्या एका गरिबाचं फिडलही त्याने पळवलं होतं. 1884 साली त्याने दारू सोडायची शपथ घेतली. आधी 3 महिन्यांची, मग 6 महिन्यांची, मग जन्माची. लाकडाच्या वखारीत काम करत तो पुढची चाळीस वर्षं रोज पहाटे मिस्साला जात राहिला. 7 जून 1925 ला मिस्साला जाताना रस्त्यातच कोसळून गेला, तेव्हा त्याच्या अंगावर कपड्यांखाली साखळ्या सापडल्या. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या साखळ्या, आणि तुझ्यासारख्या तरुण मुलाला त्यांचीच ओढ वाटते. मामाला त्याचं दुसरंच काम मोठं वाटतं. दारू सोडल्यावर त्याने जिथे जिथे उधारी होती तिथे जाऊन ती फेडली. त्या फिडलवाल्याला तो वर्षानुवर्षं शोधत राहिला. सापडला नाही, तेव्हा फिडलची किंमत त्याने त्या माणसासाठी मिस्सा करवण्याला दिली. 1975 साली चर्चने त्याला 'आदरणीय' ही पदवी दिली.

तुझा फिडलवाला तर शेजारच्या गादीवर झोपतो. येत्या पगाराला त्याच्या हातात पहिला हप्ता ठेव, आणि बाकीचे कधी देणार ते तारखेनिशी सांग. वीस दशकांच्या, म्हणजे वीस वेळा दहा-दहा 'नमो मरियां'च्या, माळेतून वेळ काढून हे आधी कर. सगळे एकदम जमत नसतील तर मामा अर्धे देईल. मात्र ते मामाचं तुला कर्ज राहील. दान समजू नकोस.

आणि माळ. तिच्याविषयी लिहायला मामाचा हात खरंतर पहिल्या ओळीपासून शिवशिवत होता.

तू त्या मजकुरात लिहिलंस की 'रोज 20 दशकं म्हणतो पण शेवटी मन कोरडं राहतं.' अरे, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑक्टोबर 2002 मध्ये प्रकाशाची रहस्यं जोडली, तेव्हापासून 20 रहस्यं झाली हे खरं. पण ती आठवड्यावर वाटून दिलेली आहेत: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, गुरुवारी प्रकाशाची, बुधवार-रविवार गौरवाची. पाच दशकांची एक माळ, पंधरा-वीस मिनिटं. भोसरीहून निघालेली बस मोशीच्या पुढे जाईपर्यंत ती शांतपणे पुरी होते. नाईटच्या आठवड्यात तीही जमली नाही तर एक दशक म्हण, पण रोज म्हण.

एका दशकाची किंमत कमी समजू नकोस. लियाँ हे फ्रान्समधलं रेशमाचं शहर. तिथल्या पौलीन जारिको या मुलीने गिरणीत राबणाऱ्या पोरींना जवळ केलं आणि आठवड्याला एकेक पैसा गोळा करून मिशनच्या कामासाठी निधी उभारला. 1826 साली तिला वाटलं की कामगारांना रोज पूर्ण माळ जमत नाही, म्हणून ती सुटते. तिने पंधरा-पंधरा जणांचे गट केले. त्या वेळी रहस्यं 15 होती. दर महिन्याला चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जे रहस्य येईल त्याने महिनाभर रोज ते एकच दशक म्हणायचं, आणि पंधरा जणांची मिळून दररोज पूर्ण माळ होते. तिने याला 'जिवंत माळ' म्हटलं. पुढे कामगारांसाठी एक आदर्श कारखाना उभारायचा म्हणून तिने लोखंडाच्या भट्टीत पैसा घातला. भागीदारांनी फसवलं आणि ती कर्जात बुडाली. आपल्या भरवशावर गरिबांनी ठेवलेला पैसा परत करण्यासाठी ती दारोदार फिरत राहिली आणि 1862 साली कंगाल अवस्थेत गेली. 22 मे 2022 ला लियाँमध्ये तिला धन्यवादित घोषित केलं गेलं. कारखाना, कर्ज आणि माळ या तिन्ही गोष्टी एका आयुष्यात ज्या बाईने पाहिल्या, तिच्याकडे तू विश्वासाने प्रार्थना करू शकतोस.

तुमच्या दोन खोल्यांत हरेगाव-श्रीरामपूरकडची पाच कॅथलिक पोरं आहेत, असं तूच सांगितलंस. पाच जण, पाच दशकं. रविवारी रात्री चिठ्ठ्या टाका. कोणी फर्स्टला असेल, कोणी सेकंडला, कोणी नाईटला. चहाच्या सुट्टीत प्रत्येकाने आपलं दशक म्हटलं की चाकणमध्ये दिवसभरात एक माळ पूर्ण झाली.

मशीनवर गळ्यात किंवा मनगटात माळ घालायची नाही, हे सांगायला नकोच. अंगठीची जपमाळही नाही. दहा बोटं दिलेली आहेत, त्यांच्यावर 'नमो मरिया' मोज. आजी ऊसतोडीच्या दिवसांत तशीच मोजायची. लाकडी माळ पदराच्या गाठीत असायची, आणि ती बाहेर निघायची ती मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेआधीच्या नोव्हेनात, नऊ दिवस संध्याकाळी, गडी-बाया कामावरून आल्यावर. मामा उजव्या तर्जनीपाशी आला की थोडा रेंगाळतो.

गोव्याचे संत जोसेफ वाझ 1687 साली डचांच्या ताब्यातल्या श्रीलंकेत मजुराच्या वेशात शिरले. तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. जाफन्यात ते भिक्षा मागत दारोदार फिरले, आणि गळ्यात माळ ठेवली. ती पाहून ज्याचे डोळे चमकतील तो आपला, एवढीच त्यांची खूण होती. तुझ्या आसपास तर माळ ओळखणारे पुष्कळ आहेत. तुझ्या एमआयडीसीला लागून भामचंद्राचा डोंगर आहे, तुकोबा तिथे एकांतात बसत. तुझ्या लाइनवरच्या कितीतरी पोरांच्या घरी तुळशीची माळ असेल आणि ती एकादशी धरत असतील. त्यांच्या शेजारी बसून तुझं दशक म्हणायला संकोच करू नकोस.

तेराव्या लिओ पोपनी 1883 साली ऑक्टोबर महिना माळेला वाहिला. कामगारांच्या हक्काच्या मजुरीवर आणि संघटनेवर 1891 साली प्रसिद्ध परिपत्रक लिहिलं तेही त्यांनीच. मग 8 सप्टेंबर 1893 ला, मतमाउलीच्या जन्मदिनी, त्यांनी माळेवरच्या एका पत्रात लिहिलं की साध्या कष्टाच्या आयुष्याचा लोकांना कंटाळा आला आहे, आणि त्यावर औषध म्हणून आनंदाच्या रहस्यांतलं नाझरेथचं घर डोळ्यांपुढे आणा. सुताराचं घर ते. रंधा, भुसा, संध्याकाळी हात धुऊन जेवायला बसलेली तीन माणसं. सोमवारी माळ म्हणताना शब्द भराभर पुढे ढकलू नकोस, त्या घरात थोडा वेळ बस. मन कोरडं राहतं म्हणालास ना, त्यावर मामाला एवढंच माहीत आहे.

आजपासून गादी पसर. शुक्रवारी मांस नको, पण डबा पूर्ण खा. पाच दशकं, नाहीतर एक. पगाराच्या दिवशी मित्राचा हप्ता. हे ईस्टरपर्यंत करून बघ आणि फादरांना भेटून सांग.

पुढच्या रविवारी इथल्या दुःखितांच्या सांत्वनमातेच्या चर्चमध्ये मराठी मिस्साला ये, आणि बाकीच्या चौघांनाही आण. मामी सगळ्यांचं जेवण करणार आहे. शनिवारी नाईट असेल तर आधी खोलीवर जाऊन झोप काढ आणि दुपारीच ये, ताटं झाकून ठेवू.

तुझा,
मामा